उद्घाटनानंतर काय?

गेल्या महिन्यात होस्टेलच्या नोटीस बोर्डावर मेसच्या बिलाशेजारी एक कागद लागला. होस्टेलमागच्या मोकळ्या जागेचं 'सौंदर्यीकरण' करायचं आहे, तरी विद्यार्थ्यांनी आपल्या सूचना रेक्टर सरांकडे लेखी द्याव्यात. बोर्डावर आपण एरवी दोनच गोष्टी वाचतो, रिझल्ट आणि फी भरायची शेवटची तारीख. पण हा कागद सगळ्यांनी वाचला. त्याच रात्री मेसमध्ये दोन पक्ष तयार झाले.

पहिला पक्ष पार्किंगवाल्यांचा. त्यांचं म्हणणं, एप्रिल-मे मध्ये गाडीच्या सीटवर बसवत नाही, तेव्हा पेव्हर ब्लॉक टाका, वर पत्रे टाका आणि विषय संपवा. दुसरा पक्ष सेल्फी पॉइंटवाल्यांचा. त्यांना फायबरची हरणं पाहिजेत, सिमेंटची छत्री पाहिजे, तोंड उघडून बसलेला कचराकुंडीचा ससा पाहिजे आणि मध्ये कॉलेजच्या नावाची लाल अक्षरं. भाजी संपली, पोळ्या संपल्या, तरी वाद संपला नाही.

मी त्या रात्री काही बोललो नाही. न बोलण्याचं एक कारण होतं, ते पुढे येईलच. पण मत होतं, आणि ते आता सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना मेसची घंटा ऐकू आली त्यांनी पुढचं उद्या वाचलं तरी चालेल. त्या जागेत बागही असावी आणि कलाही असावी. मात्र एक रुपया खर्च करण्याआधी तिच्याकडे रोज कोण बघणार, हे कागदावर ठरावं. ते ठरत नसेल तर खुशाल पेव्हर ब्लॉक टाका, निदान ते पाण्यावाचून मरत नाहीत.

हे मत माझं एकट्याच्या डोक्यातून निघालेलं नाही. ते दोन ठिकाणी बनलं. एक मुंबईतली राणीची बाग. दुसरं माझं गाव, गुरुकुंज मोझरी.

आधी मुंबई. गेल्या उन्हाळ्यात इंडस्ट्रियल ट्रेनिंगसाठी आम्ही चौघे मुंबईला होतो. संध्याकाळी अमरावतीहून गाडीत बसलं की सकाळी मुंबई, त्यामुळे घर सोडल्यासारखं वाटत नाही, पण स्टेशनाबाहेर आलं की वाटतं. मधे एक दिवस सुट्टी मिळाली. एकाला समुद्र पाहायचा होता, दुसऱ्याला मॉल. भायखळ्याला राहणाऱ्या मित्राच्या मावशी म्हणाल्या, "अरे, राणीची बाग चालत जाण्यासारखी आहे. पेंग्विन बघा. फक्त बुधवारी जाऊ नका, बुधवारी बंद असते." आम्ही गुरुवारी गेलो.

पेंग्विन पाहिले. चांगले आहेत, एसीत राहतात, आमच्यापेक्षा सुखी आहेत. पण मला थांबवलं ते पेंग्विनच्या आधीच्या गोष्टींनी. ही बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. प्राणिसंग्रहालय म्हणून सगळे ओळखतात, पण मुळात ही वनस्पतींची बाग. तीन हजारांहून जास्त झाडं आहेत. आफ्रिकेतली गोरखचिंच आहे, जिचं खोड पाहून आमच्यातल्या सिव्हिलवाल्याने कॉलमचा व्यास काढायला सुरुवात केली. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी आहे. २००७ मध्ये इथल्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा पुढे आला, तेव्हा झाडं जातील या धास्तीने काही नागरिक एकत्र आले. त्यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत, झाडं मोजली, त्यांच्या जाती नोंदवल्या आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्याच्याकडे यादी असते त्याच्याशी वाद घालणं कठीण असतं, हे आपण सबमिशनच्या वेळी अनुभवतोच.

या बागेच्या आवारात एक म्युझियम आहे, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. ते १८७२ साली सुरू झालं आणि १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव मिळालं. त्याच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीच्या बेटाला पोर्तुगीजांनी 'एलिफंटा' म्हटलं ते याच हत्तीमुळे. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणले, आणि १९१४ मध्ये या बागेत जोडून हत्ती पुन्हा उभा केला. म्हणजे फुटल्यानंतर पन्नास वर्षांनी!

आम्ही चौघे मेकॅनिकल आणि सिव्हिलचे. त्यामुळे हत्तीसमोर उभं राहून आम्ही आधी लोड किती असेल, साखळीचा कोन किती असेल, फॅक्टर ऑफ सेफ्टी कोणी खाल्ला, याचीच चर्चा केली. मग बोलणं थांबलं. हत्तीच्या अंगावरचे सांधे दिसतात. जोडणाऱ्यांनी ते लपवले नाहीत, किंवा लपवता आले नाहीत. मला तो सांधलेला हत्ती अखंड हत्तीपेक्षा जास्त आवडला. अखंड असता तर मी फोटो काढून पुढे गेलो असतो.

जवळच काळा घोडा आहे. तोच, ज्याच्यावरून फोर्टातल्या भागाला नाव पडलं. त्यावर सातवा एडवर्ड बसलेला आहे. १९६५ मध्ये तो पुतळा चौकातून काढून या बागेत आणला. गंमत अशी की चौकाचं नाव मात्र तसंच राहिलं आणि शेवटी २०१७ मध्ये तिथे स्वार नसलेला नवा घोडा उभा केला. राजा बागेत राहिला, घोडा चौकात परत गेला!

आणि आता मुद्द्याची गोष्ट. हे म्युझियम बरीच वर्षं खराब अवस्थेत होतं. २००३ मध्ये महानगरपालिका, इंटॅक आणि एक खासगी प्रतिष्ठान यांनी करार करून ते दुरुस्त करायला घेतलं. २००५ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २००८ मध्ये म्युझियम पुन्हा उघडलं. त्यानंतर त्यांनी एक वेगळी गोष्ट केली. आजच्या काळात काम करणाऱ्या कलावंतांना बोलावलं आणि सांगितलं, या जुन्या वस्तूंना तुमचं उत्तर द्या. २०१३ मध्ये रीना सैनी कल्लाट या चित्रकर्तीने म्युझियमच्या दर्शनी भागावर भलंमोठं कोळ्याचं जाळं टांगलं होतं. ते जाळं कशाचं? रबरी शिक्क्यांचं. मोठमोठे शिक्के, आणि त्यांवर मुंबईतल्या रस्त्यांची जुनी, आता बदललेली नावं.

मी ते प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, फोटो पाहिला. पण फोटोवरूनच आमच्यात भांडण लागलं. एक म्हणाला, "यात काय कला आहे राजा? शिक्के तं आपल्या ऑफिसातही पडले आहेत." मी म्हटलं, तेच तर. बोनाफाइडसाठी खिडकीपुढे तासभर उभं राहून आपण तोच शिक्का पाहतो, पण शिक्का म्हणजे काय हे कधी मनात येत नाही. शिक्का पडला की नाव खरं, नाही पडला की माणूस खोटा. रस्त्याचंही तसंच. सरकार शिक्का मारून नाव बदलतं आणि लोक जुनंच नाव घेत राहतात. अमरावतीत आजही रिक्षावाल्याला जिल्हा रुग्णालय म्हटलं तर तो क्षणभर विचार करतो, 'इर्विन' म्हटलं की लगेच निघतो. हे जाळं पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीपुढे थोडा वेगळा उभा राहील. माझ्या मते आजच्या कलेचं काम एवढंच आहे. ती सुंदर दिसलीच पाहिजे असं नाही. तिने रोजची वस्तू पुन्हा एकदा दाखवली पाहिजे.

आणि ती बागेत का असावी? कारण बागेत माणूस परीक्षा द्यायला येत नाही. आर्ट गॅलरीच्या दारात आपल्यासारख्याला बुजायला होतं, चपला काढायच्या का असं वाटतं. बागेत डबा घेऊन आलेलं कुटुंब, पेन्शनर, शाळेची रांग, सगळे हत्तीपाशी थांबतात. कोणाला कळतं, कोणाला नाही. पण तिकीट पेंग्विनचं काढून हत्ती पाहून जाणारे माझ्यासारखे रोज कितीतरी असतील.

परत निघताना एक माळीकाका पाइपाने पाणी देत होते. मी सहज विचारलं, काका, हे सगळं पाहायला किती लोक येतात? ते म्हणाले, "बघायला पुष्कळ येतात. बघून घ्यायला आम्ही." मी ते वाक्य खिशात घालून घेऊन आलो, म्हणा ना.

आता मोझरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की नांदगाव पेठच्या पुढे आमचं गाव येतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी इथे १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि ११ ऑक्टोबर १९६८ ला त्यांचं इथेच निधन झालं. त्यांची समाधी इथेच आहे. आमच्या घरी ग्रामगीता आहे, एक्केचाळीस अध्यायांची. वऱ्हाडातल्या पुष्कळ घरांत ती असते, लाल कापडात बांधलेली. देव कसा पाहावा यापेक्षा गाव कसं ठेवावं हे तिच्यात जास्त आहे. ग्रामशुद्धीचा अध्याय वेगळा, श्रमसंपत्तीचा वेगळा.

माझे आबाजी ऐंशीच्या पुढचे आहेत. अनेक वर्षं ते पहाटे उठून आश्रमाच्या आवारात झाडायला जात. पगार नाही, पावती नाही, फोटो नाही. आता गुडघे चालत नाहीत, तर घरापुढचं अंगण झाडतात. मुंबईहून आल्यावर मी त्यांना हत्तीची गोष्ट मोठ्या रंगात सांगितली. इंग्रजांनी कसा उचलला, कसा पडला, कसा फुटला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "फुटला तं फुटला. जोडला कोनं, ते सांग." मला नाव सांगता आलं नाही. पाडणाऱ्याची गोष्ट मला पाठ होती, जोडणाऱ्याची नव्हती.

मग मी त्यांना शिक्क्यांच्या जाळ्याबद्दल सांगितलं. वाटलं होतं हसतील. ते म्हणाले, "होय ना. आन् त्या जाळ्यावरची धूळ कोन झाडे?" मी म्हटलं, आबाजी, तुम्हाला कलेत धूळच दिसते काय? ते म्हणाले, "मले काय समजते कला? पन बाप्पू, जे झाडल्या जात नाही ते टिकत नाही, एवढं समजते."

दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला मोझरीत महाराजांची पुण्यतिथी असते. लाखो लोक येतात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळे जागच्या जागी उभे राहून मौन श्रद्धांजली वाहतात. खंजिरी थांबते, भोंगे थांबतात, खेळण्यांचे दुकानदार थांबतात, आईच्या कडेवरचं पोरगंही का कोण जाणे गप्प होतं. मी लहानपणापासून त्या गर्दीत उभा राहिलेलो आहे. याला कला म्हणा असा माझा हट्ट नाही, श्रद्धेच्या गोष्टीला दुसरं नाव कशाला द्यायचं? पण मुंबईहून आल्यावर मला एक गोष्ट जाणवली. मोकळ्या जागेत, काहीही न बांधता, काहीही न रंगवता, लाखो माणसांना एकाच क्षणी आत पाहायला लावता येतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्यानंतरची सकाळ. पत्रावळी, प्लास्टिकचे ग्लास, तुटलेल्या चपला, आणि त्यांतून झाडू घेऊन सरकणारी माणसं. त्या सकाळच्या फोटोला कोणी येत नाही. पण ती सकाळ नसती तर पुढच्या वर्षीचं मौनही तिथे उभं राहिलं नसतं.

वऱ्हाडाला हे नवीन नाही. गाडगेबाबांनी हातात झाडू घेऊन जे सांगितलं ते अमरावतीला कोणी वेगळं शिकवायची गरज नाही. शेगावच्या आनंदसागरला शाळेच्या सहलीत आपण सगळेच गेलो असू. मला तिथली खेळणी पुसट आठवतात, पण वेफरचं पाकीट खाली टाकल्यावर एका सेवेकऱ्याने काही न बोलता ते उचललं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, हे चांगलं आठवतं.

आता ते कारण, ज्यामुळे मी मेसमधल्या वादात तोंड उघडलं नाही.

होस्टेलमागे दोन कडुलिंब आहेत, एक वाळकी बोगनवेल आहे, स्मरणार्थ दिलेले तीन सिमेंटचे बाक आहेत आणि मधे एक गोल कारंजं आहे. आजच्या फर्स्ट इयरला ते कचरा टाकायचं कुंड वाटतं. आम्ही आलो तेव्हा ते चालायचं. रोज नाही, पण चालायचं. त्याचं साचलेलं पाणी आपले माळीमामा बादलीने काढून झाडांना द्यायचे. सेकंड इयरला आम्हा तिघांना मिनी प्रोजेक्ट करायचा होता. विषय काय? मातीतला ओलावा मोजून झाडांना आपोआप पाणी देणारी यंत्रणा. सेन्सर आणले, बोर्ड आणला, पंपाला पैसे उरले नाहीत. कारंज्याचा पंप काढला. दोन दिवसांत परत लावू असं ठरवून काढला. ओरल झाली, पंचवीसपैकी तेवीस मिळाले, सरांनी पाठ थोपटली. मग सबमिशन आलं, मग परीक्षा आली, मग सुट्टी लागली. पंप माझ्या कॉटखालच्या खोक्यात राहिला.

त्या उन्हाळ्यात बोगनवेल वाळली. झाडांना आपोआप पाणी देणाऱ्या आमच्या प्रोजेक्टने एक चालती बाग मारली, आणि आम्हाला तेवीस मार्क मिळाले. त्याहून वाईट म्हणजे पंप कुठे गेला याचा जाब मामांना द्यावा लागला. ते म्हणाले, मला माहीत नाही. ते खरंच होतं. आम्हाला माहीत होतं, आम्ही गप्प राहिलो. हे इथे छापून येतंय ते त्यासाठीच. मामा, आम्हा तिघांना माफ करा. तुमच्यासमोर येऊन हे बोलायला आम्हाला एक वर्ष लागलं, आणि ते चारचौघांत सांगायला त्याहून जास्त.

म्हणून मला 'सौंदर्यीकरण' या शब्दाची भीती वाटते. सुंदर करायला सगळे येतात, मीही सेन्सर घेऊन आलोच होतो. प्रश्न उद्घाटनानंतरचा असतो.

तुम्ही म्हणाल, हे साध्या बागेला ठीक, आधुनिक कलेला काय देखभाल? तर अमेरिकेतलं एक उदाहरण घ्या. शिकागोच्या मिलेनियम पार्कमध्ये आपल्या मुंबईत १९५४ साली जन्मलेल्या अनिश कपूर यांचं 'क्लाउड गेट' हे शिल्प आहे. आकार घेवड्याच्या दाण्यासारखा, वजन सुमारे शंभर टन. स्टेनलेस स्टीलचे १६८ पत्रे वेल्ड करून सांधे असे घासले आहेत की आरशासारखं अख्खं शहर त्यात दिसतं. थंडी-उन्हात पत्रा लहानमोठा होणार, म्हणून बाहेरचं कवच आतल्या सांगाड्याला लवचीक जोडांनी धरलेलं आहे. वेल्डिंग, थर्मल एक्सपान्शन, स्ट्रेस, सगळा आपलाच सिलॅबस! पण मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटली. लोक हात लावतात, बोटांचे ठसे उमटतात, म्हणून त्याचा खालचा माणसाच्या उंचीचा भाग रोज दोनदा हाताने पुसतात. शंभर टनांचा आरसा शेवटी फडक्यावर उभा आहे. आणि पार्किंगवाल्या पक्षाने हेही ऐकून ठेवावं की ते २००४ मध्ये उघडलेलं पार्कच रेल्वे आणि पार्किंगच्या छतावर बांधलेलं आहे. बाग की पार्किंग हा प्रश्न सिव्हिलवाल्यांनी मनावर घेतला तर सुटतो.

दुसरं उदाहरण आपल्या देशातलं आणि जास्त बोलकं. चंदीगडमध्ये नेकचंद नावाचे सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर होते. १९५७ पासून त्यांनी फुटक्या बांगड्या, फरशा, संडासाची भांडी, तारा गोळा केल्या आणि राखीव जंगलाच्या जागेत चोरून शिल्पं उभी केली. अठरा-एक वर्षांनी सरकारला पत्ता लागला. पाडायचं की ठेवायचं असा प्रश्न आला, लोक बाजूने उभे राहिले आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन सगळ्यांसाठी उघडलं. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची अशी की १९९६ मध्ये नेकचंद परदेशी गेले असताना तिथले कर्मचारी काढून घेण्यात आले आणि शिल्पांची मोडतोड झाली. २०१५ मध्ये नेकचंद गेले. २०२५ मध्ये रस्ता रुंद करण्यासाठी बागेची एक भिंत पाडली गेली. जगात नाव झालेल्या बागेची ही कथा, तर आपल्या दोन कडुलिंबांची काय असेल?

माझ्या मताविरुद्ध जे बोललं जाईल तेही ऐकून घेऊ. पहिला आक्षेप, आपण इंजिनिअर होणार, माळी नव्हे. मान्य. पण मेंटेनन्स हा विषय आपल्याला आहे ना? ब्रेकडाऊन आणि प्रिव्हेंटिव्ह यांतला फरक आपण पाच मार्कांसाठी लिहितोच, तो कधीतरी करूनही पाहू.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर सापडलेलं नाही. आपण इथे चार वर्षांचे पाहुणे. आज जो मोठ्या उत्साहाने झाड लावेल तो दोन वर्षांनी पुण्यात किंवा बंगळुरात असेल. मग राखण शेवटी मामांच्याच डोक्यावर येणार, आणि आपण त्याला 'विद्यार्थ्यांचा उपक्रम' म्हणणार. म्हणून कमी करावं, पण जेवढं सांभाळता येईल तेवढंच करावं, असं मला वाटतं. पंधरा फायबरची हरणं आणून दोन वर्षांनी त्यांचे पाय मोडलेले पाहण्यापेक्षा एक कारंजं चालू असलेलं बरं.

तेव्हा रेक्टर सरांना लेखी सूचना मागितल्या आहेत म्हणून मी लेखीच देतो.

कडुलिंबांना हात लावू नये. पार्किंग दक्षिणेच्या भिंतीलगत करावं, तिथे झाड नाही, पत्रे टाकायला जागाही आहे. कारंजं पुन्हा सुरू करावं. बाहेरून तयार पुतळे विकत आणू नयेत. वर्कशॉपच्या मागे दरवर्षी जॉबचे तुकडे, तुटलेले गिअर, वाकलेले रॉड भंगारात जातात, त्यांतून दर बॅचने एकच वस्तू करावी. ती हरिणासारखी दिसावी अशी अट नको, कशासारखीही दिसली नाही तरी चालेल. अट एकच, वस्तू करणाऱ्यांनी ती पुढच्या बॅचला समजावून द्यावी, रंग कधी द्यायचा, गंज कुठे धरतो, कुठला सांधा कच्चा आहे. पुढची बॅच नाही म्हणाली तर ती वस्तू काढून टाकावी. कला अमर असली पाहिजे असं थोडंच आहे? आणि मिळतील त्या पैशांतले निम्मे पैसे बांधकामाला न देता पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीला बाजूला ठेवावेत. त्यात मामांच्या हाताखाली एक मदतनीसही बसेल.

शेवटची सूचना पाटीबद्दल. दरवेळी पाटीवर उद्घाटन कोणाच्या शुभहस्ते झालं ते असतं. या वेळी पाटीऐवजी एक वही ठेवावी, खिळ्याला दोरीने बांधलेली. आज पाणी कोणी दिलं, कचरा कोणी उचलला, काय मोडलं, ते तिच्यात लिहावं. जोडला कोणी, असं आबाजींसारखं कोणी विचारलं तर उत्तर तरी देता येईल.

कारंज्याचं मात्र आम्ही मीटिंगची वाट पाहिली नाही. मागच्या रविवारी आम्ही तिघांनी खोक्यातला पंप काढला. गाळ साफ केला, ग्लँड पॅकिंग बदललं, कपलिंग लेथवर नवीन करून घेतलं. मामा बाजूच्या बाकावर बसून पाहत होते. ते एकदाच बोलले, "बोल्ट आवयताना जपून, त्याचा आटा गेलेला हाय." बरोबर निघाले, आटा गेलेलाच होता.

पाणी फूटभर उडतं, आणि तेही थोडं डावीकडे. नोझल अजून बदलायचा आहे. ज्याला वेळ असेल त्याने शनिवारी संध्याकाळी मागे यावं, येताना पाना आणावा.

– तृतीय वर्ष, यंत्र शाखा